राळ, पेस्ट आणि पक्का सांधा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

घरच्या घरी सोल्डरिंग, म्हणजे सोल्डर हा मिश्रधातू वितळवून वायरी आणि भाग जोडण्याचे काम, करणाऱ्या वाचकांची पत्रे या महिन्यात बरीच आली. त्यांतील बहुतेक पत्रे सोल्डरिंग गन किंवा वायरीविषयी नसून शेजारी ठेवलेल्या पेस्टच्या छोट्या गोल डबीविषयी आहेत. सांधा वर्षानुवर्षे टिकणार की एका पावसाळ्यात सुटणार, हे पुष्कळदा ही डबीच ठरवते, म्हणून या वेळचे सदर तिच्यासाठीच राखून ठेवले आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून जुने रेडिओ दुरुस्त करण्याचा मला छंद आहे. गेल्या उन्हाळ्यात माझ्या ट्रान्झिस्टरचे आवाजाचे बटण बदलले. सोल्डर धरत नव्हते, म्हणून विजेच्या सामानाच्या दुकानातून पिवळट पेस्टची डबी आणली. ती लावताच सोल्डर लगेच धरले. रेडिओ दोन महिने उत्तम चालला, पावसाळ्यात खरखर सुरू झाली आणि गणपतीच्या सुमारास तो बंद पडला. उघडून पाहिले तर बटणाच्या तिन्ही पायांभोवती हिरवी पूड होती आणि एक पाय हात लावताच तुटून आला. सेल गळलेले नव्हते. दोष पेस्टचा की माझ्या हाताचा? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून दोष पेस्टचा आहे, हाताचा नाही. सेल गळले असते तर पांढरट किंवा निळसर थर बॅटरीच्या स्प्रिंगपासून सुरू झाला असता. आपल्या रेडिओत हिरवी पूड नेमकी जिथे पेस्ट लागली तिथेच आहे, आणि ही खूण पुरेशी बोलकी आहे.

सोल्डर उघड्या धातूलाच धरते. तांबे डोळ्यांना स्वच्छ दिसले तरी हवेतील प्राणवायूमुळे त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतोच, आणि तापवल्यावर तो आणखी जाड होतो. हा थर विरघळवणे आणि सोल्डर पसरेपर्यंत हवेला धातूपासून दूर ठेवणे हे फ्लक्सचे, म्हणजे सांध्याला लावायच्या राळेचे किंवा पेस्टचे, काम आहे. थर विरघळवायचा म्हणजे कुठले तरी आम्ल हवे. ते आम्ल कोणते आणि काम झाल्यावर त्याचे काय होते, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

चीड या पाइन जातीच्या झाडापासून मिळणाऱ्या राळेत मुख्यतः ॲबिएटिक आम्ल आणि त्याच्या कुळातील आम्ले असतात. थंड असताना राळ घट्ट, ठिसूळ आणि निष्क्रिय असते. साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसला ती मऊ होऊ लागते, सोल्डरिंगच्या तापमानाला पातळ होऊन ऑक्साइड विरघळवते आणि सांधा निवला की पुन्हा काचेसारखी घट्ट बसते. हा उरलेला थर वीज वाहून नेत नाही आणि पाणीही ओढत नाही. तापलेली असेपर्यंत काम करायचे आणि निवल्यावर गप्प बसायचे, हा राळेचा गुण इलेक्ट्रॉनिक्ससाठी अमोल आहे.

आपल्या डबीत मात्र राळेऐवजी, किंवा राळेच्या जोडीला, झिंक क्लोराइड अथवा अमोनियम क्लोराइड असावे. पत्र्याची कामे आणि तांब्याच्या नळ्यांचे सांधे यांसाठी अशी पेस्ट बनते, तिथे ती उत्तम काम देते आणि काम झाल्यावर धुऊन टाकली जाते. झिंक क्लोराइड हवेतील ओल इतक्या हावरटपणे शोषते की उघड्यावर ठेवल्यास ते स्वतःच ओघळू लागते. उन्हाळाभर आपल्या रेडिओत ते शांत राहिले. चिपळूणचा पावसाळा सुरू झाल्यावर त्याला पाणी मिळाले, सेलमधून वीज मिळतच होती, आणि त्या ओल्या थरातून तांबे विरघळू लागले. या क्रियेत क्लोराइड संपून जात नाही, ते पुन्हा मोकळे होऊन पुढचे तांबे खात राहते, म्हणून टाचणीच्या टोकाएवढी पेस्टही पाय तुटेपर्यंत नुकसान करू शकते.

आता उपाय. सेल काढा. सगळी चिकट पेस्ट आधी कापसाच्या काडीने कोरडीच पुसून घ्या, कारण तिच्यात बहुधा व्हॅसलीनसारखे ग्रीस असते आणि त्याच्याखाली क्षार दडलेले असतात. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून जुन्या टूथब्रशने घासा, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवलेल्या ब्रशने क्षार धुऊन काढा आणि शेवटी पुन्हा अल्कोहोल फिरवून रेडिओचा सर्किट बोर्ड एक दिवस पूर्ण वाळू द्या. स्पीकरच्या कागदाला आणि ट्यूनिंगच्या कॉइलला पाणी लागू देऊ नका. आवाजाचे बटण मात्र नवीनच घाला, कारण त्याच्या आत पेस्ट गेली असेल तर ती बाहेरून धुता येत नाही.

नवी पेस्ट घेताना डबीवर काय छापले आहे ते वाचा. रोमन लिपीतील आर, ओ, एल ही तीन अक्षरे आणि त्यांच्यापुढे ० किंवा १ हा आकडा असेल, तर पहिली दोन अक्षरे राळ सांगतात, एल म्हणजे सौम्य, आणि ० म्हणजे हॅलाइडचे (क्लोराइडसारख्या क्षारांचे) प्रमाण वजनाने ०.०५ टक्क्याहून कमी. १ असेल तर ही मर्यादा ०.५ टक्के असते. जुन्या पद्धतीच्या डब्यांवर आर, एम, ए ही अक्षरे दिसतात. तीही सौम्य राळच आहे आणि घरच्या कामाला चालते. नुसते ‘गंजत नाही’ असे छापलेले असेल आणि घटक दिलेले नसतील, तर मी ती डबी बोर्डाजवळ आणणार नाही.

घरी असलेल्या अनोळखी डबीची एक सोपी परीक्षा आहे. लोखंडी खिळा पॉलिशपेपरने चकचकीत घासा, त्याच्या अर्ध्या भागाला पेस्ट लावून सोल्डरिंग गनच्या गरम टोकाने ती वितळवा आणि खिळा ओल्या फडक्याबरोबर झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी पेस्टचा भाग उघड्या भागापेक्षा जास्त गंजलेला दिसला, तर ती डबी नळकामाच्या पेटीत ठेवून द्या. ही परीक्षा पेस्टला नापास करायला पुरेशी आहे, उत्तीर्ण करायला नाही. कारखान्यांत यासाठी काचेवर तांब्याचा अतिशय पातळ आरसा चढवून त्यावर फ्लक्सचा थेंब २४ तास ठेवतात, आणि तांबे खाल्ले जाऊन काच किती उघडी पडते ते पाहून फ्लक्सची तीव्रता ठरवतात. फ्लक्सला सौम्य म्हणण्याआधी त्याची इतकी कसून तपासणी होते, हे ध्यानात घेतले की बिननावाच्या डबीवर विसंबणे किती जोखमीचे आहे ते कळते.

प्रश्न : आमच्या लहानपणी दारात कल्हईवाला येत असे. तापलेल्या पातेल्यात तो नवसागर टाकून कापसाने कथील फिरवी आणि क्षणात भांडे चांदीसारखे होई. नवसागर तांब्या-पितळेला चालतो, तर सर्किटला का चालू नये? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे, कारण कल्हई आणि सोल्डरिंग ही एकाच विद्येची दोन रूपे आहेत. नवसागर म्हणजेच अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्याची वाफ होऊन अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतात, आम्ल भांड्यावरचा काळपट थर काढते आणि उघड्या पडलेल्या धातूला कथील पकडते. नाकात झोंबणारा पांढरा धूर येत असे, तो हाच. सोल्डरमध्येही धातूला पकडणारा घटक प्रामुख्याने कथीलच असते.

फरक पुढे आहे. कल्हईवाला भांडे लाल होण्याच्या बेताला नेऊन सगळ्या पृष्ठभागावर कापूस फिरवी आणि मग ते भांडे पाण्यात बुडवी. राहिलेला क्षार त्या पाण्यात जाई, आणि घरी आल्यावर भांडे पुन्हा घासले जाई. सर्किट बोर्डावर आपण एकेक ठिपका तापवतो, भागांच्या पोटाखाली ब्रश पोहोचत नाही आणि बोर्ड बादलीत बुडवता येत नाही. शिवाय भांड्यातून वीज वाहत नाही, बोर्डातून वाहते. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकते हे आपल्या घरांत सर्वांनाच ठाऊक आहे. राहिलेल्या नवसागराने बोर्डावरचे तांबे तसेच कळकते, फरक इतकाच की ते झाकणाआड घडते आणि उपकरण बंद पडेपर्यंत कोणाला दिसत नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून सोल्डरची वायर घेतली, तेव्हा दुकानदाराने वायरीतच फ्लक्स असल्याचे सांगितले. आमच्या प्रयोगशाळेतील सहायक मात्र प्रत्येक सांध्याआधी तापलेले टोक पेस्टच्या डबीत बुडवतात. पेस्ट लागते की नाही? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : दुकानदार खरे सांगत आहे. वायर तिरकी कापून भिंगाखाली पाहिली, तर मधोमध एक किंवा अधिक बारीक पिवळसर ठिपके दिसतात. ती वायरीच्या लांबीभर भरलेली राळ आहे. नवा बोर्ड, नवे भाग आणि चांगली वायर असेल तर वेगळी पेस्ट लागत नाही. असे असूनही पुष्कळांना ती लागते, याचे कारण बहुधा पद्धतीत असते. वायर टोकावर वितळवून तो गोळा सांध्यापर्यंत नेला, की वाटेतच राळ जळून जाते आणि सांध्यावर फक्त धातू पोहोचतो. मग तो पसरत नाही, मण्यासारखा वर बसतो, आणि आपण पेस्टकडे वळतो. टोक पॅडला (बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्याला) आणि भागाच्या पायाला एकाच वेळी टेकवावे, एक-दोन सेकंदांनी वायर टोकाला न लावता सांध्याला लावावी, सोल्डर पसरताच आधी वायर आणि मग टोक काढावे. एवढ्याने निम्म्याहून अधिक तक्रारी मिटतात, असा माझा अनुभव आहे.

टोक डबीत बुडवण्याची सवय मात्र आपण लावून घेऊ नये, ती कितीही अनुभवी हातांत दिसली तरी. ३५० अंशांचे टोक पेस्टमध्ये शिरते तेव्हा चर्र आवाज होऊन जो धूर निघतो तो आपल्या फ्लक्सचाच असतो. म्हणजे जिथे फ्लक्सचे काम आहे तिथे तो पोहोचण्यापूर्वीच खर्च झाला, डबीत जळका कोळसा मिसळला, आणि पेस्ट आम्लाची असेल तर टोकावरचे लोखंडाचे संरक्षक कवच खाल्ले जाऊन टोकाला खड्डे पडले. पेस्ट थंड असताना, काडीच्या टोकावर मोहरीच्या दाण्याएवढी घेऊन थेट सांध्यावर लावावी.

पेस्ट खरोखर उपयोगी पडते ती जुन्या कामात. वर्षानुवर्षे पडून काळवंडलेली वायर, आधी एकदा सोल्डर केलेला आणि राळ जळून गेलेला सांधा, तांब्याच्या जाळीदार पट्टीने सोल्डर शोषून काढणे, मोबाइलच्या चार्जिंगच्या सॉकेटसारखे दाटीवाटीचे पाय, या सगळ्या ठिकाणी तिच्याशिवाय हात अडतो. दाट पायांवर दोन पायांमध्ये सोल्डरचा पूल झाला, तर आणखी सोल्डर घालू नये. थोडी पेस्ट लावून स्वच्छ टोक पायांच्या दिशेने बाहेर ओढावे. ऑक्साइडची साय निघून गेल्याने पृष्ठताण आपले काम करतो आणि जादा सोल्डर टोकाबरोबर निघून येते.

आपण विद्यार्थिनी आहात म्हणून एक प्रयोग सुचवतो. फुटक्या बोर्डाचा, तांबे तपकिरी पडलेला तुकडा घ्या, त्यावर राळेचा तांदळाएवढा कण ठेवा आणि शेजारी तापलेले टोक टेकवून भिंगातून पाहा. कण आधी मधासारखा पातळ होतो, कडेने सुईच्या अग्राएवढे बुडबुडे येतात, आणि त्या पारदर्शक थेंबाखालचे तपकिरी तांबे बघता बघता गुलाबी-केशरी होते. आता वायर लावा. सोल्डर त्या गुलाबी भागावर धावत जाते आणि जिथे तपकिरी रंग सुरू होतो तिथे थबकते. फ्लक्स काय करतो हे एकदा असे डोळ्यांनी पाहिले, की पेस्ट कुठे हवी आणि कुठे नको हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्न : काष्ठौषधींच्या दुकानात राळ मिळते आणि माझ्या मुलीच्या व्हायोलिनच्या गजाला लावायचीही राळ घरात आहे. यांपासून घरी फ्लक्स करता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : काष्ठौषधींच्या दुकानातील राळ बहुधा शाल वृक्षाची असते. मलमांत आणि धूपात ती वापरतात. नाव एकच असले तरी ती वेगळ्या झाडाची आणि वेगळ्या घडणीची आहे, म्हणून सोल्डरिंगला ती घेऊ नये. आपल्याला हवी ती चिडाची राळ. हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडच्या डोंगरांत चिडाच्या खोडाला खाच देऊन चीक गोळा करतात, त्याचे ऊर्ध्वपातन केले की टर्पेंटाइन उडून जाते आणि तळाशी राळ उरते. युरोपात तिला कोलोफनी म्हणतात, आणि हे नाव आशिया मायनरमधील कोलोफॉन या प्राचीन ग्रीक नगरावरून आले आहे. व्हायोलिनची राळ याच जातीची असते, पण गजाला पकड यावी म्हणून काही उत्पादक तिच्यात मेण, तेल किंवा धातूची पूड मिसळतात. अडचणीच्या वेळी ती चालून जाते, मात्र मुलीची वडी मोडण्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून सोल्डरिंगचीच राळ आणावी. ती महाग नसते.

द्रव फ्लक्स करणे सोपे आहे. राळेचा खडा जाड कापडात गुंडाळून ठेचा, एक भाग पुडीला वजनाने तीन ते चार भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल घाला आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. अधूनमधून हलवले की सकाळी चहाच्या कोऱ्या पाण्यासारखा पारदर्शक द्राव तयार असतो. तळाशी कचरा बसला असेल तर गाळून घ्या. लवकर विरघळावे म्हणून बाटली गॅसवर किंवा गॅसजवळ मुळीच ठेवू नका. या अल्कोहोलची वाफ १२ अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही खोलीत ती पेटण्याजोगीच असते. असा फ्लक्स नेलपॉलिशच्या रिकाम्या, अल्कोहोलने धुतलेल्या बाटलीत भरला तर झाकणाचा ब्रश आयताच उपयोगी पडतो. यात कोणतेही क्रियाशील रसायन मिसळलेले नसल्याने तो फार काळवंडलेल्या धातूवर कमी पडेल. तिथे आधी पॉलिशपेपरने धातू घासून घ्या. जास्त जहाल फ्लक्स शोधण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही बरा.

प्रश्न : माझा नववीतला मुलगा जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग करतो. त्याचा उत्साह मोडायचा नाही, पण धुरातून शिसे पोटात जाईल अशी मला धास्ती वाटते. घरात सासूबाईंना दमा आहे. शिसेविरहित वायर आणून दिली म्हणजे पुरेल का? (एक आई, ठाणे)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, पण ताई, धोका ज्या वाटेने येतो ती वाट वेगळी आहे. शिसे १७४९ अंशांना उकळते आणि सोल्डरिंगचे टोक ३५० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे दिसणाऱ्या धुरात शिसे जवळजवळ नसते. तो धूर राळेचा आहे. शिसे शरीरात जाते ते बोटांवरून. वायर धरलेल्या हाताने खाल्लेला पोह्याचा घास, दातांत धरलेली वायर, टेबलावर उडालेले बारीक मणी, ही त्याची वाट आहे. मुलांसाठी शिशाचे सुरक्षित म्हणता येईल असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. म्हणून जेवणाचे टेबल आजपासून बंद करावे. एक वेगळी फळी किंवा मोठा ट्रे द्यावा, काम संपल्यावर ट्रे ओल्या कागदाने पुसावा, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय काहीही तोंडात घालायचे नाही हा नियम करावा.

धुराचा प्रश्न शिसेविरहित वायरीने सुटत नाही. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेली नेहमीची वायर १८३ अंशांना वितळते; शिसेविरहित प्रकार २१७ ते २२७ अंशांना वितळतात, त्यामुळे टोक जास्त तापवावे लागते आणि त्यांतील फ्लक्सही बहुधा अधिक क्रियाशील असतो. शिशापासून मुलाला दूर ठेवण्यासाठी ही वायर घेणे योग्यच आहे आणि नववीतल्या मुलाला मी तीच देईन, पण धूर तिने कमी होणार नाही. राळेचा धूर श्वासनलिकेला संवेदनशील बनवतो आणि त्यातून दमा जडू शकतो, हे कारखान्यांतील कामगारांच्या बाबतीत पक्के ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये या धुरासाठी आठ तासांच्या कामाची मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम इतकी कडक ठेवली आहे. एकदा ही संवेदनशीलता आली की पुढे थोड्या धुरानेही त्रास होतो.

मुलाने तोंड सांध्याच्या अगदी वर न धरता बाजूला ठेवावे. सांध्यावर फुंकर मारू नये. संगणकातील १२ व्होल्टचा जुना पंखा ट्रेच्या मागे असा उभा करावा, की तो धूर ओढून खिडकीबाहेर टाकेल. छताचा पंखा धूर फक्त घरभर फिरवतो, त्याचा उपयोग नाही. पेस्ट जितकी जास्त तितका धूर जास्त, म्हणून मोहरीएवढी हे प्रमाण इथेही पाळावे. आणि सासूबाईंच्या खोलीपासून दूर, दार लावून, त्या घराबाहेर असतानाची वेळ निवडली तर सर्वांत उत्तम. मुलालाच कामानंतर खोकला, छातीत घरघर किंवा नाक वाहणे असे काही जाणवू लागले, तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवावे आणि राळेच्या धुराचा उल्लेख आवर्जून करावा.

प्रश्न : सोल्डरिंगनंतर सांध्याभोवती तपकिरी चकचकीत डाग राहतात, कधी त्यांना हिरवट छटाही असते. सॅनिटायझरने पुसले तर बोर्ड पांढरा पडला. डाग काढावेत की राहू द्यावेत? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : कठीण, पारदर्शक आणि नख लावल्यावर टवके उडणारा डाग राळेचा आहे. त्याची हिरवट छटा पाहून चिपळूणच्या वाचकांसारखी चिंता करू नये. तांब्याचा ऑक्साइड राळेत विरघळला की तांब्याचा हिरवा लवण तयार होतो आणि तो राळेतच बंदिस्त राहतो. हिरवी, भुसभुशीत, पुसता येणारी पूड मात्र वेगळी. ती दिसली तर वरचे पहिले उत्तर पुन्हा वाचावे. शुद्ध किंवा सौम्य राळेचा डाग साध्या सर्किटवर राहिला तरी बिघडत नाही. पेस्ट ग्रीसची असेल तर ती कधीच घट्ट होत नाही, धूळ धरते, म्हणून तिला काढलेच पाहिजे. तसेच जिथे अगदी सूक्ष्म प्रवाहाचे काम चालते, उदाहरणार्थ स्पर्शाने चालणारे बटण किंवा मोजमापाचे यंत्र, तिथे मी राळही काढतो.

अर्धवट पुसणे हे न पुसण्यापेक्षा वाईट, हे मात्र लक्षात ठेवावे. राळेच्या कवचात बंद असलेली रसायने अर्धवट धुतल्याने मोकळी होऊन बोर्डभर पसरतात. आपल्या बोर्डावरचा पांढरा थर असाच तयार झाला. सॅनिटायझरमध्ये बरेचसे पाणी आणि त्वचा मऊ राहावी म्हणून ग्लिसरीन असते, आणि राळ पाण्यात विरघळत नाही. ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणावे, गन बंद करून थंड होऊ द्यावी, बोर्ड तिरका धरून ब्रशने घासावे, विरघळलेली राळ वाहून खाली धरलेल्या कपड्यात जाऊ द्यावी आणि ताज्या अल्कोहोलने दुसरा हात द्यावा. पहिल्या हाताचे मळके अल्कोहोल बोर्डावरच वाळू दिले तर डाग फक्त जागा बदलतो. रंगाचा थिनर वापरू नये, तो प्लॅस्टिकचे सॉकेट आणि बटणे खराब करतो.

प्रश्न : ॲल्युमिनियमच्या तारेला कितीही राळ लावली तरी सोल्डर का धरत नाही? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ॲल्युमिनियमचा ऑक्साइड राळेच्या ताकदीबाहेरचा आहे, आणि खरवडून काढला तरी तो क्षणात परत येतो. स्टेनलेस स्टील आणि हीटरच्या नायक्रोम तारेचेही तसेच. त्यांच्यासाठी वेगळे जहाल फ्लक्स असतात, पण घरी स्क्रूचा कनेक्टर किंवा तारेच्या टोकावर दाबून बसवायचा धातूचा लग वापरणे शहाणपणाचे.

प्रश्न : इयरफोनच्या तुटलेल्या वायरी लाल, हिरव्या, सोनेरी दिसतात. त्यांना पेस्ट लावूनही सोल्डर धरत नाही. पेस्ट बदलावी का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : पेस्ट बदलून उपयोग नाही, कारण तो रंग ऑक्साइडचा नसून वार्निशचा आहे. केसासारख्या तारा एकमेकींपासून अलग राहाव्यात म्हणून प्रत्येकीवर तो थर चढवलेला असतो, आणि बळकटीसाठी मधून धागाही घातलेला असतो. धागा सोडवून कापून टाका. टोकावर सोल्डरचा टपोरा थेंब घ्या, तारेला राळ लावा आणि तिचे शेवटचे तीन-चार मिलिमीटर त्या थेंबात बुडवून ठेवा. काही सेकंदांत वार्निश जळून बाजूला होते आणि चंदेरी रंग तारेवर वर चढताना दिसतो. या धुरात राळेबरोबर जळणारे प्लॅस्टिकही असते, तेव्हा खिडकीशी बसूनच हे करा. वार्निश जळत नसेल तर तार बोटावर धरून बारीक पॉलिशपेपरने हलकेच घासा.

प्रश्न : इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये मिळणारी करडी पेस्ट आणि डबीतली पेस्ट एकच का? ती किती दिवस टिकते? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : एकच नाहीत, आणि नावातील साम्यामुळे पुष्कळांचे पैसे वाया जातात. करडी पेस्ट म्हणजे सोल्डरची बारीक पूड आणि फ्लक्स यांचे मिश्रण. ती तापवली की स्वतःच सोल्डर होते. डबीतल्या पेस्टमध्ये धातू नसतो, ती फक्त फ्लक्स आहे. करड्या पेस्टला छापील मुदत असते आणि ती थंड जागी ठेवावी लागते, पण घरातल्या खाण्याच्या फ्रिजमध्ये शिशाची पेस्ट ठेवू नका. लागेल तेवढी छोटी सिरिंजच आणा. राळेची डबी झाकण घट्ट लावले तर पुष्कळ टिकते. वर कवच धरले असेल तर ते काढून खालची पेस्ट वापरा, आणि ती जळक्या कोळशाने काळी झाली असेल तर टाकून द्या.